मनवार, गुराब आणि युद्धनौका : व्युत्पत्ती हा पुरावा की निवाडा?

१

मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात व्युत्पत्तिविचाराला स्थान आहे; परंतु ते बहुधा ध्वनिपरिवर्तनाच्या काही नियमांपुरते आणि तत्सम, तद्भव, देश्य व परभाषीय या चार रकान्यांपुरते मर्यादित राहिले आहे. शब्द उचलावा, योग्य त्या रकान्यात ठेवावा आणि पुढच्या शब्दाकडे वळावे, अशी रीत पडून गेली आहे. या रीतीतून दोन समज बळावतात. शब्दाचे कूळ कळले म्हणजे शब्द कळला, हा पहिला. कूळ कळले म्हणजे त्या शब्दाचा भाषेतील हक्कही ठरला, हा दुसरा. पहिला समज अपुऱ्या अभ्यासातून येतो, दुसरा अभिमानातून. आणि प्रबंधलेखनात हे दोन्ही इतके सहज एकत्र येतात की पुराव्याचे रूपांतर निवाड्यात केव्हा झाले हे लिहिणाऱ्याच्याही लक्षात येत नाही.

हे दोन्ही समज पारखून पाहण्यासाठी एका विस्मृत शब्दाची निवड उपयुक्त ठरेल. तो शब्द म्हणजे 'मनवार'. जुन्या मराठीत आणि गुजरातीत लढाऊ जहाज या अर्थी तो रुळला होता. इंग्रजीतील 'मॅन-ऑफ-वॉर' या सामासिक शब्दाचे ते देशी रूप आहे. आजच्या मराठी विद्यार्थ्यासमोर हा शब्द संदर्भावाचून ठेवला, तर तो 'मन' आणि 'वार' अशी फोड करण्याचा संभव अधिक. मनावर केलेला वार, असा काव्यमय अर्थही त्याला सुचेल. ही फोड चुकीची आहे. पण ती का सुचते आणि का चुकते, हा प्रश्न व्युत्पत्तिशास्त्राच्या अगदी मध्यावर नेऊन पोहोचवतो.

'वार' या एका ध्वनिरूपाकडे पाहिले तरी सावध व्हावे लागते. सोमवार-मंगळवारातील 'वार' संस्कृत आहे. तपशीलवार, खातेवार, जिल्हावार यांतील 'वार' हा फार्सी प्रत्यय आहे. मराठवाड्यातील जमिनीच्या जुन्या दप्तरात ज्याला 'सेतवार' म्हणतात त्यातही तोच दिसतो. तलवारीचा वार हा घाव या अर्थी वेगळा शब्द आहे. मनवारातील 'वार' मात्र यांपैकी कोणताच नाही. तो इंग्रजीतील युद्धवाचक शब्द आहे. एकाच ध्वनिरूपाची ही चार मुळे ध्वनिसाम्याच्या आधारे कधीही वेगळी करता येणार नाहीत. त्यासाठी शब्द कोणत्या वाटेने, कोणाच्या तोंडून आणि कोणत्या काळात आला हे पाहावे लागते.

२

मूळ इंग्रजी शब्दाची रचनाही तितकीच फसवी आहे. अक्षरशः पाहता 'मॅन-ऑफ-वॉर' म्हणजे युद्धाचा माणूस. मध्ययुगीन इंग्रजीत त्याचा अर्थ खरोखरच तेवढा होता : लढवय्या, सैनिक. पंधराव्या शतकाच्या अखेरीस मात्र तोच शब्द शस्त्रसज्ज जहाजासाठी वापरला जाऊ लागला. लढणाऱ्या माणसाचे नाव त्याला वाहून नेणाऱ्या वस्तूस मिळाले. भारतीय काव्यशास्त्राच्या अभ्यासकास हा व्यापार अपरिचित नाही. 'मंच ओरडतात' असे म्हटले असता मंचावरील माणसे ओरडतात असा अर्थ घ्यावा, हे लक्षणेचे जुने उदाहरण प्रत्येक वर्गात शिकवले जाते. तेथे आधाराचे नाव आधेयाला दिले जाते; येथे आधेयाचे नाव आधाराला दिले गेले. दिशा उलट, व्यापार तोच.

हा अर्थ स्थिरावल्यावर इंग्रजीत 'मॅन' हा घटक जणू जहाजवाचक बनला. व्यापारी जहाजाला 'मर्चंटमन' आणि पूर्वेकडे ये-जा करणाऱ्या कंपनीच्या जहाजाला 'ईस्ट इंडियामन' अशी नावे रूढ झाली. या शब्दांत माणूस कोठेही नाही. गंमत अशी की, इंग्रज खलाशी या 'मॅन'चा उल्लेख परंपरेने स्त्रीलिंगी सर्वनामाने करीत आला आहे. नावात पुरुष आणि सर्वनामात स्त्री, ही विसंगती इंग्रजी भाषकाला कधी टोचली नाही. कारण त्याच्या मनात त्या शब्दाचे घटक केव्हाच विरघळून गेले होते आणि एक अखंड नाम तेवढे उरले होते.

लढाऊ जहाजांच्या इतर इंग्रजी नावांतही हेच दिसते. 'बॅटलशिप' या शब्दाची फोड सरळ 'लढाईचे जहाज' अशी वाटते. परंतु तो 'लाइन-ऑफ-बॅटल शिप' या लांबलचक नावाचा संक्षेप आहे. लढाईच्या रांगेत उभे राहण्याइतके भक्कम जहाज, हा त्याचा मूळ तांत्रिक अर्थ. 'डिस्ट्रॉयर' हाही असाच लोप पावलेल्या समासाचा अवशेष आहे. मूळ शब्द 'टॉर्पेडो-बोट डिस्ट्रॉयर', म्हणजे टॉर्पेडो सोडणाऱ्या छोट्या नौकांचा नाश करणारे जहाज. मराठीत त्यासाठी 'विनाशिका' हा शब्द झाला. तो डौलदार आहे. पण कोणाचा विनाश, हा प्रश्न त्याने विचारलेला नाही. गळून गेलेल्या पदाची आठवण भाषांतरकाराला नसेल, तर उरलेल्या पदाचे भाषांतर व्याकरणदृष्ट्या निर्दोष आणि इतिहासदृष्ट्या अर्धे राहते.

यावरून एक गोष्ट निश्चित होते. सामासिक शब्दाच्या घटकांची फोड हा अर्थाचा पुरावा नव्हे. ती अर्थाच्या प्रवासाचा आरंभबिंदू दाखवते, मुक्कामाचे ठिकाण दाखवत नाही.

३

इंग्रजीतील हा शब्द मराठीत आला तो ग्रंथांतून नव्हे, कानांतून. ग्रंथांतून येता तर 'मॅन-ऑफ-वॉर' हे रूप टिकले असते. खलाशांच्या उच्चारात मधले 'ऑफ' आधीच झिजून केवळ एक पुसट स्वर उरला होता. देशी तोंडात तोही गेला आणि 'मनवार' उरले. इंग्रजी लष्करी शब्दांचे हेच भाग्य वारंवार दिसते. 'रिक्रूट'चा 'रंगरूट' झाला, 'प्लॅटून'ची 'पलटण' झाली, 'लॉर्ड'चा 'लाट' झाला. 'पलटण' हा शब्द 'पलटणे' या क्रियापदापासून आला असावा असे पाहताक्षणी वाटते. 'रंगरूट'मध्ये 'रंग' दिसतो. परका शब्द आपल्या ओळखीच्या तुकड्यांत बसवून घेण्याची ही लोकबुद्धी आहे. तिला लौकिक व्युत्पत्ती म्हणून हिणवले जाते. परंतु शब्द भाषेत जिरल्याची ती खूण असते. चूक तेव्हा होते, जेव्हा संशोधक त्या खुणेलाच उगम समजतो.

तथापि शब्द कसा आला याइतकेच तो कोणत्या शब्दांच्या शेजारी येऊन बसला हेही महत्त्वाचे आहे. अरबी समुद्राच्या या किनाऱ्यावर लढाऊ जहाजांची नावे आधीपासून होती. त्यांतील दोन प्रमुख : गुराब आणि गलबत. रॉबर्ट ऑर्म या अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकाराने या दोहोंचे वर्णन करून ठेवले आहे. गुराबेला बहुधा दोन डोलकाठ्या असत, क्वचित तीन. तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे ३०० टन भाराची, दोन डोलकाठ्यांची १५० टनांच्या आत. गलबत त्याहून लहान, सहसा ७० टनांपलीकडे न जाणारे आणि चाळीस-पन्नास वल्ह्यांनी चालणारे. उथळ खाड्यांत शिरणे, वारा पडला असता वल्ह्यांवर चालणे आणि अवजड शत्रूला मागून गाठणे, या युद्धपद्धतीला ही जहाजे अनुरूप होती.

हे शब्द मराठी सीमेत अडकून पडले नाहीत. इंग्रजीत गुराबेची 'ग्रॅब' झाली आणि गलबताचे 'गॅलिव्हॅट' झाले. १६७९ च्या ऑक्टोबरात खांदेरीच्या समुद्रात शिवाजी महाराजांच्या आरमाराशी इंग्रजांची गाठ पडली, तेव्हा इंग्रजांच्या बाजूला 'रिव्हेंज' या फ्रिगेटबरोबर 'डव्ह' नावाची एक ग्रॅब होती आणि तीच मराठ्यांच्या हाती लागली. जहाजाचे नाव इंग्रजी, जातीचे नाव या किनाऱ्याचे. शब्दांची आयात-निर्यात एकाच दिशेने चालते हा समज या एका उदाहरणानेही डळमळावा.

१७२१ च्या डिसेंबरात इंग्लंडच्या राजाची चार लढाऊ जहाजे घेऊन आलेल्या कमोडोर मॅथ्यूजने पोर्तुगीजांच्या साहाय्याने कुलाब्यावर चढाई केली. कान्होजी आंग्रे यांच्यापुढे ती मोहीम फसली. १७५६ च्या फेब्रुवारीत मात्र विजयदुर्गासमोर ॲडमिरल वॉटसनची जहाजे उभी राहिली, ती पेशव्यांशी झालेल्या संगनमताने. आणि तुळाजी आंग्रे यांचे आरमार जळून खाक झाले. आगीची सुरुवात 'रिस्टोरेशन' या जहाजापासून झाली. ते आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडूनच हस्तगत केलेले होते. पुढे धुळपांच्या हाताखाली पेशव्यांचे आरमार १८१८ पर्यंत चालले खरे. पण समुद्रावरील तोल विजयदुर्गातच ढळला होता. गुराब हा जिवंत वस्तूचा वाचक होता तो हळूहळू दप्तरातील शब्द झाला, आणि मनवार हा शब्द किनाऱ्यावर ऐकू येऊ लागला.

मात्र मनवार हा केवळ जेत्याचा शब्द होता असे म्हणणे अपुरे ठरेल. १८१० मध्ये मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांनी ७४ तोफांचे 'मिंडेन' हे जहाज इंग्लंडच्या नौदलासाठी बांधले. सागवानी लाकडाचे, या देशातील सुतारांच्या हातचे ते लढाऊ जहाज होते. १८१७ मध्ये त्याच गोदीतून उतरलेले 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर उभे आहे. ज्या वस्तूला मनवार म्हणत ती वस्तूच अशा रीतीने मुंबईत घडत होती. शब्द परका, घडणावळ घरची. गोदीतील कारागीर आणि जहाजावरील लष्करी खलाशी यांची एक मिश्र बोली होती. टॉमस रोबक याने १८११ मध्ये कलकत्त्याहून प्रसिद्ध केलेला इंग्रजी-हिंदुस्थानी नाविक कोश त्या बोलीचाच संग्रह आहे. शब्द तेथे भाषेच्या कुळाप्रमाणे नव्हे, कामाच्या गरजेप्रमाणे जमले होते.

४

येथे शुद्धीचा प्रश्न उपस्थित होतो. मनवार परका म्हणून गेला आणि युद्धनौका आपला म्हणून आला, तर त्यात खेद कशाचा? या प्रश्नाचे उत्तर 'आरमार' या शब्दापाशी शोधावे लागते.

आरमार हा शब्द आज मराठी माणसाच्या अभिमानाचा विषय आहे. २०२३ मध्ये ४ डिसेंबरचा नौदल दिन सिंधुदुर्गाच्या परिसरात साजरा झाला, तेव्हा वृत्तपत्रांतून, भाषणांतून हाच शब्द पुनःपुन्हा आला; 'नौसेना' या शब्दाने ती भावना जागवता आली नसती. आणि हा शब्द पोर्तुगीज 'आर्मादा'पासून आला आहे. ज्या सत्तेशी समुद्रावर झगडायचे होते, तिच्याच भाषेतून समुद्रसत्तेचे नाव घेतले गेले.

शिवराज्याभिषेकानंतर सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशाचा दाखला शुद्धीच्या चर्चेत नेहमी दिला जातो. राजव्यवहारातील फार्सी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचा तो जाणीवपूर्वक केलेला प्रयत्न होता आणि त्याचे राजकीय मोल निर्विवाद आहे. परंतु त्यानंतर काही दशकांनी, १७१५ च्या सुमारास, रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात समुद्रसत्तेचा विचार आला तो 'आरमार' या नावानेच. आणि जहाजांची नावे आली ती गुराब व गलबत. आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग आहे हा त्या ग्रंथातील सिद्धान्त जितका मराठी, तितकाच तो मांडणारा शब्द पोर्तुगीज. गुराब अरबीतून आली. तेथे त्या शब्दाचा अर्थ डोमकावळा असा आहे. गलबताचे मूळ 'हॉब्सन-जॉब्सन' हा १८८६ चा प्रसिद्ध कोश पोर्तुगीज 'गालेओटा'कडे नेतो. ही मुळे मान्य केली, तर मराठ्यांच्या आरमारी परिभाषेचा गाभाच परभाषीय ठरतो. पण त्यामुळे खांदेरीची लढाई परकी ठरत नाही.

किनाऱ्यावरचे इतर शब्दही पाहावेत. 'जहाज' अरबी-फार्सी आहे. मूळ अर्थ सरंजाम, साहित्य. उर्दूतील 'जहेज' म्हणजे मुलीबरोबर दिलेला सरंजाम, हे त्याच कुळातले. 'बंदर' फार्सी, 'खलाशी' अरबी. कोळी समाजातील 'नाखवा' या शब्दाइतका अस्सल कोकणी वाटणारा शब्द दुसरा नसेल; तो फार्सी 'नाखुदा'पासून, म्हणजे नावेचा धनी या अर्थाच्या समासापासून आला आहे. त्या समासातील पहिले पद 'नाव' आणि संस्कृत 'नौ' हे दूरचे सख्खे भाऊ आहेत. तेव्हा नाखवा परका की आपला, या प्रश्नाला कुळाच्या आधारे सरळ उत्तर नाही.

भाषाशुद्धीच्या पुरस्कर्त्यांनी मराठीचे मोठे हित केले हे नाकारण्याचे कारण नाही. माधवराव पटवर्धन यांनी १९२५ मध्ये फार्शी-मराठी कोश सिद्ध केला आणि १९३८ मध्ये 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला. परक्या शब्दांचा इतका साक्षेपी अभ्यास केलेला मनुष्य शुद्धीचा कैवारी झाला, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. शब्द टाळायचा असेल तर आधी तो पुरता ओळखावा लागतो, एवढी तरी शिस्त त्या पिढीत होती. आजच्या शुद्धीवादात ती शिस्त दिसत नाही. शब्द परका आहे एवढे कळले की त्याची चौकशी संपते. ज्या इंग्रजीच्या आक्रमणाची चिंता वाहिली जाते, तिच्या नौदलाचा सर्वोच्च अधिकारी 'ॲडमिरल' म्हणवतो. आणि तो शब्द अरबी 'अमीर'पासून आला आहे. त्यामुळे इंग्रजी आरमाराला कधी कमीपणा वाटल्याचे दिसत नाही.

५

'युद्धनौका' या शब्दाची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. तो सुबोध आहे, उच्चारायला सोपा आहे आणि इतर भारतीय भाषांतही सहज समजतो. एका स्वतंत्र राष्ट्राच्या नौदलाला परिभाषा हवी होती आणि ती घडवणे आवश्यक होते. विमानवाहू युद्धनौका यांसारखा जोडशब्द त्यातून सहज बनवता आला. मनवाराचे पुनरुज्जीवन व्हावे, असा आग्रह धरण्यात काही अर्थ नाही. व्यवहारातून गेलेला शब्द ठरावाने परत येत नसतो.

तरीही 'युद्धनौका' संस्कृत आहे म्हणून तो अर्थाशी अधिक प्रामाणिक आहे, हे मात्र खरे नव्हे. संस्कृतात 'नौ' म्हणजे जहाज आणि 'नौका' हे त्याचे अल्पार्थक रूप, म्हणजे लहान नाव. हजारो टनांच्या पोलादी जहाजाला लहान नाव म्हणणे आणि जहाजाला माणूस म्हणणे, यांत तर्कदृष्ट्या डावे-उजवे करण्यासारखे फारसे नाही. दोन्ही ठिकाणी घटकाने मूळ अर्थ सोडला आहे. शिवाय सर्व प्रकारच्या लढाऊ जहाजांना हा एकच शब्द लावला जात असल्याने 'बॅटलशिप' आणि 'वॉरशिप' हा भेद मराठीत पुसला गेला आहे. याउलट 'पाणबुडी' हा शब्द पाहावा. पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसाचे आणि पक्ष्याचे नाव घेऊन भाषेने यंत्राला दिले. आणि तो शब्द इतका चपखल बसला की त्याला पर्याय शोधण्याची कोणाला गरज वाटली नाही. येथेही बुडी मारणाऱ्याचे नाव वाहनाला मिळाले. मॅन-ऑफ-वॉरमध्ये जे घडले तेच मराठीत मराठीच्या बळावर घडले.

कुळाच्या अभिमानाचा याहून गंभीर परिणाम वेगळ्याच ठिकाणी दिसतो. इंग्रजी 'नेव्हिगेशन' हा शब्द संस्कृत 'नवगती'वरून आला, हे विधान शालेय भाषणांपासून प्रबंधांच्या प्रस्तावनांपर्यंत सर्वत्र आढळते. वस्तुतः तो लॅटिन आहे : 'नाविस' म्हणजे जहाज आणि 'आगेरे' म्हणजे हाकणे, चालवणे. 'नाविस' आणि 'नौ' यांचे नाते खरे आहे. पण ते बापलेकांचे नव्हे, भावंडांचे आहे. दोन्ही एका प्राचीन इंडो-युरोपीय मुळाच्या शाखा आहेत. खरे नाते इतके सुंदर असताना खोटे नाते जोडण्याचा मोह का व्हावा? कारण येथे व्युत्पत्तीकडून इतिहास नको असतो, प्रमाणपत्र हवे असते. आणि जो अभ्यासक 'नवगती'सारखी व्युत्पत्ती पुराव्याविना स्वीकारतो, त्याला 'मन' अधिक 'वार' अशी फोड करणाऱ्या विद्यार्थ्याला हसण्याचा अधिकार उरत नाही. दोघांची पद्धत एकच आहे. एकाला भोळेपणा म्हणतात, दुसऱ्याला अस्मिता.

६

समुद्रापासून दूर असलेल्या धाराशिवसारख्या जिल्ह्यातील मराठी विभागांना या साऱ्याशी काय कर्तव्य, असा प्रश्न येथे विचारला जाऊ शकतो. त्याचे पहिले उत्तर तेर या गावी आहे. तेरणेच्या काठावरचे हे गाव म्हणजे प्राचीन तगर, हे फ्लीट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच दाखवून दिले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक नाविक ग्रंथात तगराचा उल्लेख आहे : पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेले मोठे नगर, जेथील कापड गाड्यांतून अवघड वाटांनी भडोचच्या बंदराकडे जाई. तेर येथील लामतुरे यांच्या संग्रहातील हस्तिदंती स्त्रीमूर्तीची तुलना इटलीतील पाँपे येथे सापडलेल्या मूर्तीशी अभ्यासकांनी केली आहे. ज्या गावाचा माल दोन हजार वर्षांपूर्वी समुद्र ओलांडत होता, त्या गावाच्या भाषेचा समुद्राशी संबंध नाही असे गृहीत धरता येत नाही. गोरोबाकाकांच्या तेरपासून पंढरपूरपर्यंत कोठेही समुद्र नाही. तरी या प्रदेशात गायिल्या जाणाऱ्या संतवाणीत भवसागर, तारू आणि पैलतीर या प्रतिमा ठायी ठायी आहेत.

दुसरे उत्तर रोजच्या वापरातील एका शब्दात आहे. दोन विचारांची 'सांगड घालणे' हा वाक्प्रचार ज्यात नाही असा मराठी समीक्षालेख क्वचित सापडेल. सांगड म्हणजे पाणी ओलांडण्यासाठी एकत्र बांधलेल्या दोन होड्या किंवा तरंगती ओंडकी. संस्कृत 'संघाट' या शब्दाशी तिचा संबंध जोडला जातो. पेरिप्लसमध्ये पूर्व किनाऱ्यावरील बंदरांच्या संदर्भात 'सांगर' नावाच्या, एकसंध ओंडक्यांची जोडणी करून बनवलेल्या मोठ्या नावांचा उल्लेख आहे, आणि या दोन शब्दांची तुलना अभ्यासकांनी केली आहे. परंतु येथेच थांबून सावध होणे हाच खरा व्युत्पत्तिविचार. पेरिप्लसचा उल्लेख पश्चिम किनाऱ्याचा नाही. मधल्या शतकांतील दुवे दाखवल्यावाचून साम्याचे रूपांतर वंशावळीत करता येणार नाही. साम्य आकर्षक आहे, आणि म्हणूनच ते अधिक पुराव्याची मागणी करते.

तिसरे उत्तर या जिल्ह्याच्या भाषिक इतिहासात आहे. १९४८ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. दप्तराची भाषा उर्दू, घरची मराठी, आणि उमरगा-नळदुर्गाकडे कानडीचा शेजार. खासरा, सेतवार, तहसील हे शब्द शेतकऱ्याच्या तोंडी आजही आहेत, आणि त्याच्याच मुलाच्या तोंडी 'पगार' आणि 'चावी' हे पोर्तुगीज शब्द आहेत, जे कोणत्याही पोर्तुगीजाने येथवर आणून पोहोचवले नाहीत. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्याचे अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. म्हणजे ज्या किनाऱ्यावर १७३९ पर्यंत पोर्तुगीजांची सत्ता होती, तेथील मराठी लेखक. आरमार हा शब्द आणि अध्यक्षांचे आडनाव, दोन्ही एकाच समुद्रमार्गाने या भूमीवर आले आणि दोन्ही मराठीचे झाले. याहून बोलका दाखला दुसरा कोणता हवा?

या विवेचनातून अध्यापनासंबंधी काही अपेक्षा पुढे येतात. व्युत्पत्ती शिकवताना शब्दाचे मूळ सांगून थांबू नये. तो कोणत्या शतकात, कोणत्या धंद्यातून, कोणत्या रूपांतून आला आणि कोणत्या शब्दाला त्याने बाजूला सारले, हेही विचारले जावे. कृ. पां. कुलकर्णी यांचा व्युत्पत्तिकोश १९४६ चा आहे. तो आधाराला घ्यावा, परंतु अखेरचा शब्द मानू नये. ऐतिहासिक पत्रव्यवहार आणि बखरी अभ्यासक्रमाला नेमताना आरमारी, महसुली आणि लष्करी शब्दांची टिपणे जोडली जावीत, कारण गुराब म्हणजे काय हे न कळता विजयदुर्गाच्या पराभवाचे वर्णन वाचणारा विद्यार्थी केवळ सनावळी पाठ करतो. आणि प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या परिसरातील किमान एका व्यवसायाचे शब्द बोलणाऱ्यांच्या तोंडून टिपून घ्यावेत. तेरणेकाठच्या जुन्या माणसांना सांगड आठवते काय, हा प्रश्न विचारायला मोठ्या अनुदानाची गरज नाही. मात्र तो विचारण्यास फार काळ उरलेला नाही.

मनवार हा शब्द गेला, त्याबद्दल शोक करण्याचे कारण नाही. गुराब त्याच्या आधी गेली. पुढे कदाचित युद्धनौका हा शब्दही जाईल. भाषेत शब्द येतात आणि जातात. परंतु शब्द का आला आणि का गेला हे सांगता न येणे, ही भाषेच्या अभ्यासकांची हानी आहे. आरमार आपले झाले ते त्याच्या कुळामुळे नव्हे. ते उभारणाऱ्यांनी, चालवणाऱ्यांनी आणि त्यावर लढणाऱ्यांनी ते आपले केले. शब्दावरील हक्क वापराने मिळतो, आणि तो हक्क कसा मिळाला याची साक्ष देणे एवढेच व्युत्पत्तीचे काम आहे. साक्षीदाराला न्यायासनावर बसवले, तर न्याय तर होत नाहीच. साक्षही हातची जाते.